हाक आणि ओ : घड्याळ-चिपच्या इंटरप्टमधील दोष कसा शोधावा



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. त्यांचा एक दंडक होता. प्रयोग फसला की 'बिघाड कुठे आहे?' हा प्रश्न ते विचारू देत नसत. 'कुठपर्यंत सगळे ठीक आहे, ते आधी सांगा,' असे म्हणत. आजचे विवेचन हे त्या एका दंडकाचेच विवरण आहे.

मराठी साहित्य शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने घड्याळाच्या चिपविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, या शाळेतील मुलामुलींनी बनवलेली स्वयंचलित घंटा मध्यंतरी मुकी झाली आणि तिचा दोष सापडेपर्यंतचा सारा खटाटोप मला जवळून पाहावयास मिळाला. दुसरे कारण शब्दाचे आहे. 'इंटरप्ट' या शब्दाला मराठीत 'व्यत्यय' असा प्रतिशब्द योजतात. कोशाच्या दृष्टीने तो चूक नाही. परंतु व्यत्यय म्हटले की नको असलेली, टाळावीशी गोष्ट डोळ्यांसमोर येते. यंत्रातला इंटरप्ट मात्र आमंत्रित असतो. 'वेळ झाली की मला हाक मार' असे यंत्रानेच दुसऱ्या यंत्राला सांगून ठेवलेले असते. म्हणून मी त्याला 'हाक' म्हणणार आहे. हा शब्द घेतला की आपल्या भाषेतला त्याचा जोडीदारही आपोआप पुढे येतो, तो म्हणजे 'ओ'. हाकेला ओ द्यावी लागते. या विषयातील बहुतेक दोष हाकेत नसून ओ देण्यात असतात, हे मला आज दाखवायचे आहे.

घटिकापात्र आणि घड्याळ-चिप

आपल्याकडे घटका मोजण्यासाठी घटिकापात्र वापरीत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. छिद्रातून पाणी आत येते, २४ मिनिटांत वाटी भरते आणि बुडते. एक घटका झाली. अशा ६० घटकांचा अहोरात्र. वाटी बुडाली की पहारेकरी थाळीवर टोला देई. त्या थाळीलाही जुन्या मराठीत 'तास' म्हणत आणि त्या टोल्याने मोजलेल्या काळालाही तासच. आपण शाळेत 'पहिला तास', 'दुसरा तास' म्हणतो, त्यात तो धातूचा नाद अजून शिल्लक आहे.

पहारेकऱ्याचे काम मात्र टोला दिल्यावर संपत नसे. बुडालेली वाटी उचलायची, रिकामी करायची आणि पुन्हा पाण्यावर सोडायची, हेही त्याचेच काम. तो हे विसरला तर वाटी तळाशी पडून राहील, पुढची घटका मोजली जाणार नाही आणि पुढचा टोलाही पडणार नाही. हे चित्र आपण लक्षात ठेवावे. पुढच्या साऱ्या विवेचनाची किल्ली त्यात आहे.

आजची घड्याळ-चिप हे त्या पात्राचेच वंशज आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी वापरलेली चिप डीएस ३२३१ या नावाची. तिच्या पोटात क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. उष्णतेमुळे कंपनांत पडणारा फरक ही चिप स्वतः दुरुस्त करते. ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात तिची चूक दशलक्षात २ भागांपेक्षा अधिक नसते, म्हणजे वर्षाला सुमारे एक मिनिट. वीज गेली तरी शेजारच्या बटनाएवढ्या सेलवर तिचे मोजणे चालू राहते. हा सेल पुढे आपल्या कथेत महत्त्वाचे काम करणार आहे.

घंटा वाजवण्याची जबाबदारी दुसऱ्या चिपवर असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. अर्डुइनो उनो या पट्टीवरचा एटीमेगा ३२८पी हा त्यांपैकीच एक. वेळ झाली की नाही हे त्याला दोन रीतींनी कळू शकते. चुलीवर दूध ठेवून सारखे डोकावत राहावे, ही एक रीत. कुकर लावून आपल्या कामाला लागावे आणि शिट्टी झाली की उठावे, ही दुसरी. दुसरी रीत म्हणजे इंटरप्ट. भिंतीवरच्या घंटेला पहिली रीतही चालून जाते. पण रानात ठेवलेले, लहानशा बॅटरीवर चालणारे पर्जन्यमापक असेल, तर मायक्रोकंट्रोलरने झोपून राहावे आणि ठरल्या वेळी घड्याळाने त्याला उठवावे, यावाचून गत्यंतर नसते. तिथे हाक चुकली तर पावसाळ्यातल्या नोंदी जातात. आणि गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

हाक कशी जाते

डीएस ३२३१ मध्ये दोन गजर लावता येतात. पहिला सेकंदापर्यंत नेमका, दुसरा मिनिटापर्यंत. लावलेली वेळ आणि चालू वेळ जुळली की चिप आपल्या आत एक निशाण उभारते, म्हणजे १५ क्रमांकाच्या नोंदकप्प्यातील त्या गजराचे बिट ० चे १ होते. त्यानंतर १४ क्रमांकाच्या कप्प्यात ती पाहते, की हाक मारण्याची परवानगी आहे काय. परवानगी असेल तर ती एक तार खाली ओढते. एरवी ५ व्होल्टवर असलेली ती तार शून्यावर येते. हीच हाक.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली : चिप तार फक्त खाली ओढू शकते, वर नेऊ शकत नाही. वर नेण्यासाठी विजेच्या धन बाजूस एक रेझिस्टर जोडावा लागतो. १० हजार ओहमचा सहसा पुरतो. दुसरी : दोन्ही गजरांना तार एकच आहे. तिसरी आणि सर्वांत मोठी : निशाण आपोआप उतरत नाही. मायक्रोकंट्रोलरने त्या बिटात ० लिहीपर्यंत निशाण उभेच राहते आणि तारही खालीच राहते. वाटी बुडालेली असते. ती कोणीतरी उचलावी लागते.

आता मायक्रोकंट्रोलरची बाजू पाहू. बहुधा त्याला असे सांगितलेले असते की, तार वरून खाली येईल त्या क्षणी जागा हो. तार खाली असणे आणि तार खाली येणे यांत फरक आहे. आपण व्याकरणात स्थिती आणि क्रिया यांत करतो, तसाच हा फरक. जी तार आधीपासूनच खाली आहे, ती आणखी खाली येऊ शकत नाही. क्रिया घडत नाही. म्हणून हाकही ऐकू येत नाही.

आपल्या शाळेची घंटा

नववी-दहावीच्या मुलामुलींनी घंटा तयार केली. कार्यशाळेत ती एकदा छान वाजली आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवर चढवली, तर मुकी. वीज बंद करून पुन्हा चालू केली, तरी मुकी. चिप बिघडली असे समजून मुलांनी नवी आणली. नवी चिप पहिल्या तासाला वाजली आणि नंतर गप्प झाली. नेमकी त्याच दिवशी चाचणी परीक्षा होती. एका वर्गाच्या उत्तरपत्रिका वेळेवर गोळा झाल्या, शेजारच्या वर्गाच्या दहा मिनिटे उशिरा. आणि ज्यांचे पेपर आधी घेतले गेले, त्या मुलांचा राग योग्यच होता. शेवटी शिपाईमामांनी अडगळीतली जुनी पितळी थाळी काढली आणि पुढचे काही दिवस तीच वाजवली. तिसरी चिप आली. तिचीही तीच गत. आता दुकानदार नकली माल खपवतो, यावर मुलांचे एकमत झाले होते आणि तक्रारीचा मसुदाही तयार होता.

विज्ञानाच्या बाईंनी तो मसुदा बाजूला ठेवायला लावला आणि मुलांना आपल्या सरांचाच जुना प्रश्न विचारला : 'कुठपर्यंत ठीक आहे?' दहावीच्या एका मुलीने मल्टिमीटर घेतला आणि घड्याळाची ती तार मोजली. काटा शून्यावर. पाच मिनिटांनी मोजली, शून्य. वीज बंद करून पुन्हा चालू केली, तरी शून्य.

आता सारे उलगडते. चिप बिघडलेली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून हाक मारीत उभी होती. प्रोग्रामने पहिली हाक ऐकली, घंटा वाजवली, पण निशाण उतरवले नाही. वीज बंद केल्याने मायक्रोकंट्रोलर नव्याने सुरू होई. घड्याळ-चिपच्या मागे मात्र स्वतःचा सेल होता. वेळेसोबत ते उभारलेले निशाणही तिने जपून ठेवले होते. म्हणून चालू होताच तार खालीच मिळे. नवी चिप एकदा वाजे, याचे कारण तिचे निशाण अजून उभारले गेले नव्हते, एवढेच. तीन निर्दोष चिप आणि एक निर्दोष दुकानदार यांच्यावर आरोप ठेवला जाणार होता, आणि उणीव होती ती प्रोग्राममधल्या दोन ओळींची : चालू होताच दोन्ही निशाणे उतरवणे आणि प्रत्येक घंटेनंतर पुढची वेळ लावून निशाण पुन्हा उतरवणे. त्या ओळी घातल्यावर तिन्ही चिप व्यवस्थित चालल्या.

शोधाचा क्रम

या अनुभवावरून एक क्रम सांगता येतो. विद्यार्थ्यांनी तो वहीत उतरवून घ्यावा. त्याचे तत्त्व असे की, साखळी मधोमध तोडावी आणि कोणता अर्धा भाग निर्दोष आहे हे आधी ठरवावे. आपल्या साखळीचा मध्य म्हणजे ती तार.

प्रथम मायक्रोकंट्रोलरचा अर्धा भाग तपासावा. घड्याळाची तार काढावी. त्या जागी वर नेणारा रेझिस्टर असू द्यावा आणि १ हजार ओहमच्या रेझिस्टरमधून ते टोक ऋण बाजूस क्षणभर टेकवावे. आपण स्वतः हाक मारली. प्रोग्रामने ती मोजली तर हा भाग ठीक. हाताने टेकवलेली तार थरथरते, त्यामुळे एकाऐवजी दोन-तीन हाका मोजल्या गेल्या तर गोंधळून जाऊ नये.

मग घड्याळाचा अर्धा भाग. पहिला गजर 'दर सेकंदाला' या स्थितीत लावावा. तशी सोय चिपमध्ये आहे. मल्टिमीटरवर तार ५ व्होल्टवरून शून्यावर आली पाहिजे आणि तिथेच राहिली पाहिजे. निशाण उतरवले की ती वर जावी आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा खाली यावी. असे झाले तर घड्याळही ठीक.

यानंतर खऱ्या वेळेचा गजर लावावा, आणि ती वेळ उलटून गेल्यावर तार आणि निशाण दोन्ही पाहावीत. चार शक्यता उरतात.

१. तार वर, निशाणही उतरलेले. याचा अर्थ वेळ जुळलीच नाही. ही चिप आकडे दशमान जोडीने लिहिते. दशकाचा अंक एका अर्ध्यात, एककाचा दुसऱ्या अर्ध्यात. साध्या द्विमानात ४० लिहिले तर ती २८ वाचते, म्हणजे घंटा १२ मिनिटे आधी वाजेल. ४५ लिहिले तर एककाच्या जागी १३ येतात. असा अंकच नसल्याने ती वेळ कधीच येत नाही. बारा तासांची आणि चोवीस तासांची पद्धत मिसळणे, वाराच्या जागी तारीख लिहिणे, किंवा नुकतीच उलटून गेलेली वेळ लावणे, यांचाही परिणाम हाच.

२. तार वर, पण निशाण उभे. वेळ जुळली, परंतु हाक बाहेर आली नाही. १४ क्रमांकाच्या कप्प्यातील परवानगीची बिटे पाहावीत. तीही ठीक असतील तर तार दुसऱ्याच पिनेला लावली आहे काय, हे पाहावे. बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांवर शेजारीच ३२ हजार कंपनांची पिन असते. तिला तार लावली तर उलट हजारो हाका येऊ लागतात आणि मायक्रोकंट्रोलरला दुसरे काही सुचत नाही.

३. तार सदैव खाली. निशाण उतरवलेले नाही; अथवा पहिले उतरवले पण दुसऱ्या गजराचे राहिले. तार एकच असल्याने एकाने जरी धरून ठेवली तरी ती वर जात नाही. वर नेणारा रेझिस्टर विसरल्यास तार अधांतरी राहते आणि मोजमाप भरवशाचे राहत नाही.

४. तार आणि निशाण बिनचूक, प्रोग्राम बहिरा. उनोवर बाहेरील हाकेच्या खास पिना दोनच, २ आणि ३ क्रमांकाच्या. तार तिथेच आहे ना? हाक ऐकताच चालणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्यात घड्याळाशी बोलणे सुरू केले आहे काय? हा दोष फसवा असतो. घड्याळाशी बोलण्याची दोन तारांची पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ साली आणली. अर्डुइनोत ती स्वतःच इंटरप्टवर अवलंबून असते, आणि एका हाकेचे काम चालू असताना दुसऱ्या हाका थोपवलेल्या असतात. दोघेही परस्परांची वाट पाहत बसतात आणि सारे थिजते. म्हणून त्या तुकड्यात फक्त एक खूण करावी, 'हाक आली' एवढीच. बाकीचे काम मुख्य प्रोग्रामने करावे. ती खूण ठेवण्याची जागा कधीही बदलू शकते, हेही भाषांतरक प्रोग्रामला 'व्होलाटाइल' या शब्दाने सांगावे. नाहीतर तो जुनीच किंमत धरून बसू शकतो.

हा धडा जुना आहे

विद्यार्थ्यांनी आपण फार हळहळण्यासारखे काही केले असे समजू नये. आयबीएमने १९८४ साली आणलेल्या पीसी-एटी संगणकात मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही घड्याळ-चिप होती. ती आठव्या क्रमांकाच्या तारेवरून हाक मारी. तिचा एक नोंदकप्पा वाचला की निशाणे उतरत. कप्पा वाचायचे राहून गेले तर पुढची हाक येतच नसे. अनुभवी माणसेही या ठिकाणी अडखळली आहेत. डीएस ३२३१ मध्ये निशाण ० लिहून उतरवायचे, त्या चिपमध्ये केवळ वाचून उतरवायचे. ओ देण्याची रीत प्रत्येक घराची निराळी. इंदुरात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. आईच्या हाकेला 'ओ' म्हणणारे आपण, सराफ्यात हिंदीत हाक आली की 'हाँ जी' म्हणतो. समोरच्याची रीत आधी विचारून घ्यावी, हे यंत्रालाही लागू आहे. आणि ती रीत चिपच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते.

याही मागे जाता येते. हॉलंडचे थोर संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांच्याकडे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक्स-१ या संगणकासाठी इंटरप्टची कल्पना आली, तेव्हा ते आधी राजी नव्हते. हाक कोणत्या क्षणी येईल याचा नेम नसल्याने झालेली चूक पुन्हा तशीच घडवून दाखवता येणार नाही, ही त्यांची भीती होती. ती रास्तच होती. पुढे त्यांनी ते आव्हान स्वीकारले आणि १९५९ साली अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठास सादर केलेला त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध याच विषयाभोवतीचा आहे. भीतीवर त्यांचा उपाय शिस्तीचा होता : हाक कधीही येवो, तिला दिलेले उत्तर असे असावे की पुढचे काम बिनधोक चालू राहील.

समारोप

श्रोतेहो, घड्याळ-चिप आज शंभर-दोनशे रुपयांत मिळते. ती बदलून पाहणे सोपे असते, आणि नवी चिप एकदा वाजली की आपला निष्कर्ष खरा ठरल्यासारखा भासतो. हे भासणेच धोक्याचे आहे. या मुलांनी चिप बदलणे थांबवून तार मोजली, तेव्हा घंटा तर सुधारलीच. शिवाय एका निरपराध माणसावर जाणारा ठपका टळला. दोष शोधण्याची शिस्त ही अशी न्यायाचीही शिस्त असते.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्र गप्प झाले की ते बोलत नाही असे लगेच ठरवू नका. कदाचित ते हाक मारून मारून थांबलेले असेल आणि आपणच ओ दिलेली नसेल. आधी तार मोजा, निशाण पाहा, कुठपर्यंत ठीक आहे ते सांगा, आणि मगच बिघाडाचे नाव घ्या.